हळदीचे कोपरे

शहापूर, बेळगाव
रविवार, ४ डिसेंबर १९३८

केशवास नमस्कार.

आशीर्वाद द्यावा तर मी तुझ्याहून वर्षाने लहान, आणि आतेभावाला 'दादा' म्हणायला तुझ्या आईची, म्हणजे आमच्या आत्याची, सक्त मनाई. तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागव.

निपाणीत थंडी फार, असं तू लिहितोस ते वाचून हसू आलं. थंडी बघायची तर माझ्याबरोबर पहाटे शहापुरातून कॅम्पात चालत ये. धुकं असं की समोरून येणारी बैलगाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. परवा मी एका म्हशीला "जरा सरता का, बाई?" म्हणाले. कॅम्पातल्या मिस फर्नांडिस दिवसा शाळेत शिकवतात, म्हणून आम्हा बाहेरून मॅट्रिकला बसणाऱ्यांचा इंग्रजीचा वर्ग त्या भल्या सकाळी घेतात. गार हवेने डोकं तरतरीत राहतं असं त्यांचं ठाम मत आहे, त्यामुळे सगळ्या खिडक्या सताड उघड्या. आम्ही शालीत गुरफटून दात वाजवत इंग्रजी नामाआधी आर्टिकल कुठे लावायचं ते शिकतो. मला ते अजून कळत नाही. मराठीचं त्यावाचून काही अडलेलं नाही, मग इंग्रजीचंच का अडतं?

तिथून धावत घरी, दोन घास पोटात ढकलायचे आणि शाळा. आमच्या हेडबाईंचा या आठवड्याचा हुकूम असा की वर्गाची दारं लावायची नाहीत. मुली कुडकुडतात, पण दार लावलं तर हेडबाईंना आत काय चाललंय ते दिसणार कसं? भरतकामाच्या बाई रजेवर गेल्या म्हणून तो तासही माझ्या गळ्यात पडलाय. मला सुईत दोरा ओवता येत नाही. तिसरीतल्या मुली ओवून देतात आणि आपापसात हसतात.

हे सगळं मी हसून नेते, पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. शाळेच्या कमिटीने कळवलंय की जूनपासून मॅट्रिक नसलेल्या बाईला ठेवायचं नाही. मार्चची परीक्षा ही माझी शेवटची संधी. दादा म्हणतात, "एवढं वर्ष बघू." आमच्या घरात वडील 'बघू' म्हणाले की पुढे काय बघायचं असतं ते तुला सांगायला नको. मला शाळा सोडायची नाही रे. हेडबाईंसकट हवी आहे मला ती.

तू फॉर्म भरलास का? आत्या कशी आहे?

वसुधा


निपाणी
सोमवार, १२ डिसेंबर १९३८

वसुधेस,

म्हशीने वाट दिली की नाही ते लिहिलं नाहीस.

फॉर्म भरला. मागल्या खेपेला भूमितीने मला आडवा पाडला होता, या खेपेला मी तिला पाडणार. पण तंबाखूच्या वखारीत नोकरी करून भूमिती करणं म्हणजे काय ते ऐक. बायका चाळणीवर बसल्या की तंबाखूची धूळ आढ्यापर्यंत जाते. मी पोत्यावर बसून म्हणतो, "समजा, अ ब क हा एक त्रिकोण आहे," आणि शिंकतो. आमचा मष्णू हमाल म्हणतो, "कामाच्या आरंभाला शिंकू नगा सायेब, अपशकुन हुतुय." हा नियम पाळायचा तर निपाणीचा बाजार कायमचा बंद ठेवावा लागेल.

आण्णाप्पा दिवाणजींच्या मते मॅट्रिक हा एक रोग आहे आणि तो मला झालाय. पुस्तक हातात दिसलं की त्यांना माझ्यासाठी काम सुचतं. आता पौषात नवा माल सुरू होईल. वाळलेलं पान हाताळलं की त्याचा चुरा होतो, म्हणून शेतकरी ते पहाटेच्या दवात मऊ झालं की गाडीत भरतात आणि उजाडता उजाडता वखारीच्या काट्यावर हजर होतात. मग रोजचं भांडण. दिवाणजी म्हणणार, हे वजन दवाचं. शेतकरी म्हणणार, दव काय आम्ही घागरीनं ओतलं? आणि मध्ये मी, कानाला पेन्सिल लावून. अभ्यासाला जी वेळ बरी तीच नेमकी काट्याची वेळ.

आई बरी आहे. म्हणजे बोलते, जेवते, देवाला जाते. पण आप्पा गेल्यापासून मोठ्याने हसलेली मी ऐकली नाही. तुझं नाव निघालं की जरा खुलते. "माज्या भावाची पोरगी," असं तिने सुरू केलं की पुढे काय येणार ते मला ठाऊक असतं, म्हणून मी पाणी प्यायला उठतो. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, असं आमची सगळी गल्ली धरून चालते. तू मनावर घेऊ नकोस.

तुझं आर्टिकलचं अडलेलं लिहून पाठव. इंग्रजीत मी बरा आहे. बदल्यात भूमिती समजावून दे.

केशव


शहापूर
मंगळवार, ३ जानेवारी १९३९

केशवास,

आवाज पार बसलाय, म्हणून पत्रातच बोलून घेते.

मिस फर्नांडिसांच्या खिडक्यांनी शेवटी डाव साधला. नाक बंद, घसा बंद, फक्त शाळा चालू. हेडबाईंकडे रजा मागितली तर म्हणाल्या, "घसा बसलाय ना? मग लेखी काम द्या." दिवसभर फळ्यावर लिहून हात दुखले. आईने गरम हळदीचा लेप कपाळाला आणि गळ्याला थापलाय. वर हळदीचं दूध. मी आत्ता जेजुरीहून आल्यासारखी दिसते. हात पुसून पुसून लिहितेय, तरी कागदाचे कोपरे पिवळे झालेच. दुसरा कागद काढला तर आई ओरडेल, तेव्हा चालवून घे.

खाली काही वाक्यं लिहिली आहेत, त्यात आर्टिकल घालून परत पाठव. आणि तुझ्या वर्तुळाचा सिद्धांत मागच्या बाजूला आकृती काढून समजावलाय. केंद्रापासून जीवेवर लंब टाकला की जीवेचे दोन सारखे भाग होतात, बस, एवढंच आहे. उगाच घाबरतोस.

दादांना आता बारीक दिसत नाही, त्यामुळे त्यांची सगळी पत्रंही मीच लिहिते. त्यांच्या टपालाबरोबरच हे पाकीट टाकते.

वसुधा


निपाणी
शनिवार, ७ जानेवारी १९३९

वसुधेस,

पत्र पोचलं. आर्टिकलं घालून वाक्यं सोबत पाठवली आहेत. सर्दी उतरली असेल.

इकडे आई फार आनंदात आहे. तिने मामांना एक पत्र धाडलंय. ते आलं की तू एकदम रागावू नकोस. रागावलीस तरी आधी थोडं थांब. मी नीट लिहिणारच आहे. सध्या गाड्या फार येताहेत.

केशव


शहापूर
रविवार, १५ जानेवारी १९३९

केशव,

काल संक्रांत झाली. तिळगूळ पाठवत नाही आणि गोड तर मुळीच बोलणार नाही.

गेल्या मंगळवारी दादा हसत हसत माजघरात आले. हातात आत्याचं पत्र, तुमच्या गल्लीतल्या कुणा मास्तरांच्या मोठ्या, ठळक अक्षरात. 'आपले हळद लावलेले पत्र पावले. आम्हांस मुलगी पसंत. फाल्गुनातला मुहूर्त धरला आहे.' दादांना वाटलं, आईने माझ्याकडून लिहवून घेतलं. आईला वाटलं, दादांनी. दोघांच्याही मनात फार दिवसांपासून होतंच, त्यामुळे कुणी कुणाला विचारायच्या भानगडीत पडलं नाही. मी म्हटलं, "मी असलं काही लिहिलेलं नाही." आई म्हणाली, "लाजतेस कशाला?" दादा म्हणाले, "मग आमच्या आक्काला काय स्वप्नात हळद दिसली?"

मुहूर्त परीक्षेच्या आठवड्यातला आहे. इंग्रजीचा पेपर ज्या दिवशी, त्या दिवशी माझी हळद. दादा म्हणतात, परीक्षा काय, दरसाल असते. आणि आता 'नाही' म्हटलं तर विधवा बहिणीचा तिच्या गल्लीत अपमान होईल, तो त्यांना सोसणार नाही. मलाही सोसणार नाही, पण म्हणून माझी शाळा का जावी? हेडबाईंच्या कानावर गेलंय. त्यांनी माझ्या वर्गासाठी दुसरी बाई बघायला सुरुवातसुद्धा केली.

त्या पत्रात माझा घसा, तुझं वर्तुळ आणि आर्टिकल याखेरीज काही नव्हतं. हे सगळ्या निपाणीत एकट्या तुला माहीत आहे. मग इतके दिवस तू तोंडात काय धरून बसलायस?

वसुधा


निपाणी
बुधवार, १८ जानेवारी १९३९

वसुधेस,

बोलणी खातो. सगळी खातो. पण झालं कसं ते ऐक.

पोस्टमन आला तेव्हा मी काट्यावर होतो. पाकिटावर अक्षर तुझं, म्हणजे मामांचं पत्र, असं समजून आईने ते फोडलं. आत कागद, चारी कोपरे पिवळेधमक. आईला वाचता येत नाही. पण हळद लावलेला कागद शुभकार्याचा असतो, हे वाचायला कुणी शाळेत जात नाही. आपण विधवा म्हणून ती स्वतः मागे सरली आणि शेजारच्या शालूबाईंना हाक मारून पत्र त्यांच्या हातून देवापुढे ठेवलं. शालूबाईंनी वर कुंकूही वाहिलं.

मी जेवायला आलो तर गल्लीच्या तोंडालाच जयाबाईंनी माझ्या तोंडात साखर कोंबली.

"काय झालं?" म्हटलं.

"आता गं बया! लगीन ह्येचं, आनि ह्यो आमास्नी इचारतोय!"

घरात गेलो. वसू, आई हसत होती. मोठ्याने, पदर तोंडाला न लावता, आप्पा असताना हसायची तशी. "केशवा, माज्या भावानं हळद लावून धाडलंय रं! वाच की, काय काय लिवलंय?"

मी वाचलं. केंद्रापासून जीवेवर लंब टाकावा, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "सगळं खुशाल आहे म्हणतात." तेवढं खोटं नव्हतं. पुढचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात आणखी बायका आल्या. मग म्हटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ती आप्पांच्या फोटोपुढे बसून एकटीच बोलत होती. मग म्हटलं उद्या. काट्यावर शेतकरी आणि दिवाणजी यांच्यामध्ये उभं राहून मला गप्प बसायची फार सवय झाली आहे. माझं चुकलं.

या रविवारच्या आत सांगतो.

केशव


शहापूर
शुक्रवार, २० जानेवारी १९३९

केशवास,

हे कार्ड आहे. पोस्टमन वाचेल, शालूबाईही वाचवून घेतील, म्हणून थोडक्यात लिहिते. आत्या हसली ते वाचून मला रडू आलं. तरीही सांग. आज सांग. इकडे आई माझं माप घेऊन चोळ्या शिवायला टाकायला निघाली आहे.

वसुधा


निपाणी
बुधवार, २५ जानेवारी १९३९

वसुधेस,

सांगितलं.

आई शेगडीशी हात शेकत बसली होती. मी समोर बसलो आणि एका दमात म्हटलं, "आई, ती हळद लग्नाची न्हवं. वसूला सर्दी झालती, लेप लावला होता. त्याचे डाग ते."

आईने शेगडीतला निखारा चिमट्याने सारला. मग म्हणाली, "म्हंजी म्या सर्दीची साखर वाटली?"

मला हसू फुटलं. शपथेवर सांगतो, आवरेना. तिलाही फुटलं. मग ती रडली थोडी. मग डोळे पुसून म्हणाली, "आता काय घरोघर जाऊन साखर माघारी मागू व्हय?" मला दोन शिव्या दिल्या, त्या तुला लिहीत नाही. जेवण मात्र वाढलं.

मी रात्रभर घाबरून होतो. पण सकाळी पाण्याला गेली ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतच गेली, "आमची दोगंबी विंग्रजी परीक्षा देनार हायत. निकाल लागल्याबिगर लगीन न्हाय, आसं ठरलंय." शालूबाई म्हणाल्या, "आगं, पोरीच्या जातीला कसली परीक्षा?" आई म्हणाली, "व्हय, देनार. माज्या भावाची पोरगी हाय ती." आता गल्लीत तुझा रुबाब वाढलाय. जयाबाई मला विचारत होत्या की बेळगावची सून आली म्हणजे कलेक्टरशी इंग्रजीत बोलेल का.

मामांनाही आईने तसंच कळवलंय. मुहूर्त रद्द. तू निर्धास्त पेपर दे.

मग तिने मला आत बोलावून जे सांगितलं, तेही लिहितो, कारण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय. म्हणाली, "त्या पोरीला म्या अडकिवली, आनि गप बसून तूबी अडकिवलीस. दोगंबी पास झाला आनि ती व्हय म्हनली, तर चातुर्मासाच्या आत बार उडवू. तिच्या मनात नसंल तर तू नापास हो, म्हंजी आपसूक मोडंल. तुज्या नापास हुन्याचा कुनाला संशयबी यायचा न्हाय."

आईचा माझ्यावर एवढा विश्वास आहे.

केशव


शहापूर
रविवार, १२ फेब्रुवारी १९३९

केशवास,

आत्याचं पत्र दादांना वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता. दादा म्हणाले, "अजून घसा बरा नाही वाटतं." माझ्या आत्याच्या पायांवर डोकं ठेवीन तेवढं थोडं आहे. आई शिंप्याकडून चोळ्या घेऊन आली ती फणफणत, पण दोन दिवसांनी स्वतःच मला पहाटे उठवायला लागली. आता अंघोळीचं पाणीही तापवून ठेवते.

थंडी ओसरेल असं सगळे म्हणतात, पण कॅम्पातल्या धुक्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. हेडबाईंनी माझ्या जागी बघितलेली बाई एक दिवस येऊन वर्ग पाहून गेली. साठ मुली, उघडी दारं आणि वर भरतकाम, हे बघून परत फिरकली नाही. त्यामुळे हेडबाई सध्या माझ्याशी गोड आहेत. इंग्रजीचा निबंध मी आता न रडता लिहिते. मिस फर्नांडिसांनी परवा माझ्या वहीवर 'बरा' असा शेरा मारला. त्यांच्याकडून हे फार झालं.

तुझ्या सिद्धांतांची उत्तरं तपासली. चौथ्यात तू जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलंस. असं करून काहीही सिद्ध होईल. पुन्हा कर.

एक विचारू? तू आत्याचं सगळं लिहिलंस, गल्लीचं लिहिलंस, मष्णूचंसुद्धा लिहितोस. या सगळ्यात तुला काय वाटतं ते मात्र एकदाही लिहिलं नाहीस.

वसुधा


निपाणी
शनिवार, २५ फेब्रुवारी १९३९

वसुधेस,

चौथा सिद्धांत पुन्हा केलाय, सोबत आहे. तुझ्या निबंधात पाच चुका आहेत, त्याही सोबत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर परीक्षा झाल्यावर. आत्ता लिहिलं तर तू इंग्रजी सोडून त्याचाच विचार करशील, किंवा करणार नाहीस. दोन्ही मला परवडणार नाही.

पेपरांना बेळगावला येईन तेव्हा कॅम्पात एका मित्राकडे उतरतो. जेवायला मात्र मामींनी बोलावलंय.

केशव


शहापूर
रविवार, ११ जून १९३९

केशव,

मी पास झाले. दादांनी वर्तमानपत्र आणलं, पण त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून माझा नंबर मलाच शोधावा लागला. सापडला तेव्हा ओरडले. आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं विंचू निघाला. कमिटीने मला कायम केलंय. हेडबाई म्हणाल्या, "चला, आता भरतकामाचा तासही कायमचा तुमच्याकडे."

मग तुझा नंबर शोधला. वरून खाली, खालून वर. नाही.

आणि आत्याचं ते वाक्य आठवलं. परीक्षेच्या दिवसांत तू आमच्याकडे जेवायला यायचास, मान खाली घालून भात कालवायचास, आणि पेपर कसा गेला विचारलं की 'बरा' म्हणायचास. ते का, हे मला आता कळलं. मला मोकळं करायला तू पेपर कोरा टाकलास. केशव, कुणी सांगितलं होतं तुला एवढं थोर व्हायला? सबंध हिवाळा त्या धुळीत शिंकत केलेला अभ्यास माझ्यापायी वाया घालवलास! मला पास झाल्याचा आनंदसुद्धा धड होईना. खरं लिही.

वसुधा


निपाणी
बुधवार, १४ जून १९३९

वसुधेस,

अभिनंदन. आईने पुन्हा साखर वाटली. या वेळी कशाची ते आधी दोनदा विचारून घेतलं.

आता खरं लिहितो, जरी खोटं फार सोयीचं होतं. तुझं पत्र वाचून मी अर्धा दिवस थोर माणूस होऊन हिंडलो. आण्णाप्पा दिवाणजी रागावले तरी मंद हसलो. मष्णूने विचारलं, "सायेब, ताप आलाय व्हय?" पण संध्याकाळपर्यंत ते अंगाला लागेना.

पेपर कोरा टाकला नाही. सगळे प्रश्न सोडवले, पुरवणी मागून घेऊन सोडवले, आणि ते चुकले. भूमितीचा पहिला प्रश्न बघितला आणि डोक्यात तुझं कॅम्पातलं धुकं उतरलं. जे सिद्ध करायचं तेच पुन्हा गृहीत धरलं. इंग्रजीत चांगले मार्क आहेत, भूमितीत लाज वाटण्याजोगे. त्याग वगैरे काही नाही, वसू. मी कच्चा आहे.

उलट मी पास व्हायला जीव तोडून बसलो होतो. तू फेब्रुवारीत विचारलंस त्याचं उत्तर हेच. दोघं पास झालो असतो आणि तू हो म्हणाली असतीस, तर चातुर्मासाच्या आत या घरात आली असतीस. मला ते फार हवं होतं. जानेवारीत मी गप्प बसलो, त्याला आईचं हसू हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं हे. गल्ली माझ्या तोंडात साखर घालत होती आणि ती मला गोड लागत होती. तुझी शाळा जाईल हे माहीत असून लागत होती, म्हणून खरं सांगायला इतके दिवस तोंड उघडलं नाही.

तू मोकळी आहेस. आई म्हणाली होती तसंच झालं, माझ्या नापास होण्याचा कुणालाही संशय आला नाही. मार्चात पुन्हा बसेन.

केशव


शहापूर
रविवार, १८ जून १९३९

केशवास,

तुझं पत्र आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं ते बरं झालं. आधी खूप हसले. मग पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

तू त्याग केलास असं धरून मी तुला आभाराचं लांबलचक पत्र लिहायला घेतलं होतं, 'जन्मभर विसरणार नाही' वगैरे. ते फाडलं. आभार मानत मानत कुणाच्या घरी नांदता येत नाही. रोज सकाळी चहाचा पेला पुढे करताना वाटलं असतं, याने माझ्यासाठी वर्ष घालवलं. मग तुझ्यावर ओरडणार कशी? भूमितीत नापास झालेल्या माणसाचं तसं नाही. त्याला शिकवता येतं, त्याच्यावर ओरडता येतं आणि तो खरं बोलतो हेही एकदा कळून चुकलेलं असतं.

काल दादांना आणि आईला समोर बसवलं आणि म्हटलं, "जानेवारीत मला विचारायचं राहून गेलं, ते आता विचारा." दादा गोंधळले. आईने विचारलं. मी उत्तर दिलं.

शाळा मी सोडणार नाही, हे आधीच लिहून ठेवते. निपाणीत मुलींच्या शाळेत जागा निघते का बघ. नाहीतर तू इकडे ये, कॅम्पात इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाला काम मिळेल आणि आत्यालाही आपल्या भावाजवळ राहता येईल. मार्चच्या परीक्षेला बसायचंच. पण पास-नापासाची अट आत्याने गल्लीसाठी घातली होती, ती मी काढून टाकते. कार्तिकात तुळशीची लग्नं झाली की आपलं.

आत्याला सांग, वसुधा हो म्हणते. माझ्याकडून कुणी लिहवून घेतलेलं नाही. मला तू हवा आहेस म्हणून म्हणते.

तुझी
वसुधा